उद्दण्णांचा गुडघा

सोलापुरात आमच्या गल्लीत पाहुणा आला, की त्याच्या डोळ्यात पहिल्यांदा भरतात त्या चौकटी. पाच-सहा घरांच्या दारांना वरच्या बाजूला जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळून बांधलेल्या. कुणाला वाटतं नवस आहे, कुणाला वाटतं दृष्ट लागू नये म्हणून काही प्रकार आहे. प्रत्यक्षात त्या सिद्धाराम मंगरुळे यांच्या कपाळासाठी आहेत. ज्या घरी त्यांचं जाणं-येणं, त्या घराची चौकट मऊ. आमच्या चौकटीला पट्टी चढली ती आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांच्या बायकोनं, नागव्वांनी, स्वतः स्टूल घेऊन येऊन ती बांधली.

"मास्तर, राग मानू नका," स्टुलावरून त्या म्हणाल्या. "घर तुमचं हाय, पन डोस्कं आमचं हाय की."

सिद्धाराम मंगरुळ्यांना गल्ली 'उद्दण्णा' म्हणते. उद्द म्हणजे कानडीत लांब. सहा फूट चार इंच माणसाला याहून नेमकं नाव देता आलं नसतं. ते खाटेवर झोपले की पायाकडे एक स्टूल ठेवावं लागतं; चौकटीसाठी वापरतात तेच. सायकलवर बसले की गुडघे हँडलच्या वर येतात आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, दोन माणसं डबलसीट चालली आहेत.

असा हा माणूस एके काळी बास्केटबॉलमध्ये नाव गाजवून होता, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. त्या काळी सोलापुरात कुस्ती हा खेळ आणि बाकी सगळा पोरखेळ. गिरणीतल्या एका हौशी साहेबानं मैदानात दोन खांब रोवून वर लोखंडी कडी लावली, तेव्हा लोकांना वाटलं, कंदील टांगणार. मग चेंडू आला. तो एकदा गोदामाच्या पत्र्यावर अडकला. शिडी आणायला माणसं पळाली. तेवढ्यात तिथं कापसाच्या गाठी उचलणाऱ्या सिद्धारामनं टाचा वर करून तो नुसता हातानं काढून दिला. साहेबानं शिडी परत पाठवली आणि सिद्धारामला ठेवून घेतलं.

पुढची दहा-बारा वर्षं उद्दण्णा गिरणीकडून खेळले, राज्याकडून खेळले, आगगाडीच्या बाकावर पाय दुमडून हिंदुस्थानभर फिरले. बाजारात भाजीवाल्या त्यांना वांगी फुकट देत. आता उरलं आहे ते भिंतीवरचं एक छायाचित्र, ज्यात चौकटीत न मावल्यामुळे त्यांचं कपाळ कापलं गेलं आहे, आणि एक चांदीचा मुलामा दिलेला मोठा कप. नागव्वा त्यात शेंगाचटणी ठेवतात. "झाकनाचं भांडं दुसरं न्हाय घरात," असं त्यांचं म्हणणं. हिंदुस्थानातल्या पंधरा संघांना हरवून आणलेल्या त्या कपातली चटणी मी पुष्कळदा कडक भाकरीबरोबर खाल्ली आहे. तिखट असते.

त्यांच्या खेळाचं खरं समीक्षण ऐकायचं तर श्रीमंतच्या सायकल-दुकानात जावं. श्रीमंत हा त्यांच्याच संघातला गडी. उंची बेताची, दुकान बेताचं, जीभ मात्र मोकळी.

"अण्णाकडं बॉल गेला की आमी चौघं च्या पिऊन यायचो," तो पंक्चर काढता काढता सांगतो. "परत आलो तरी बॉल त्याच्याकडंच. पास नावाची चीज आसती, हे या मानसाला कुनी सांगितलंच न्हाय बे."

"दिला आसता की पास," उद्दण्णा शांतपणे म्हणतात. "पन तू दिसायला पायजे. खाली कोन बघतो?"

हा विनोद दोघं रोज करतात. त्यात एक दुखरी जागा आहे, आणि ती उद्दण्णांच्या डाव्या पायात आहे. जबलपूरच्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या क्षणाला श्रीमंत कडीखाली एकटा उभा होता. दोन्ही हात वर करून, देवळात घंटेखाली उभं राहावं तसा. उद्दण्णांनी त्याच्याकडे चेंडू दिला नाही. ते तिघांच्या मधून स्वतः उडाले. चेंडू कडीत गेला, सामना जिंकला, आणि खाली येताना गुडघा फिरला. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, तेव्हा त्यांचे पाय जमिनीला घासत होते आणि ते ओरडत होते. लोकांना वाटलं, आनंदानं.

श्रीमंत सोडला तर त्या गुडघ्याबद्दल ते कुणापाशी बोलले नाहीत. खेळ सुटला, गिरणीनं गोदामात मुकादमी दिली, अक्कलकोटकडची नागव्वा आधीच घरात आली होती. लग्नात अंतरपाट धरला तर त्याच्या वरून नवरा सगळा मांडव बघत होता, आणि तो दूर झाला तेव्हा नवरीला समोर फक्त नवऱ्याची छाती दिसली. "मला वाटलं, खांबाशीच लगीन लावायलेत," नागव्वा सांगतात. त्या त्यांच्या कोपरापर्यंत येतात. मुलगा झाला, त्याचं नाव चन्नप्पा. सगळ्या सोलापूरनं वाट पाहिली, पोरगा किती वाढतो याची. पोरगा वाढला, पण आडवा. बापाच्या सदऱ्याच्या खिशाशी त्याचं डोकं थांबलं. आता तो चोवीस वर्षांचा आहे, गिरणीत गाठी उचलतो, खांदे असे की दारातून तो तिरका आत येतो. बाप वाकून, मुलगा तिरका, आणि सरळ आत येणाऱ्या एकट्या नागव्वा.

नागव्वा स्वभावानं भित्र्या. विजेला भितात, एस.टी.ला भितात, अनोळखी कुत्र्याला आणि ओळखीच्या डॉक्टरला भितात. आम्ही त्यांच्या भीतीला हसत असू. बहात्तरच्या दुष्काळापासून मी हसायचं सोडलं.

आमच्या सोलापूरचं दैवत सिद्धेश्वर. संक्रांतीला त्याची यात्रा भरते आणि मानाच्या काठ्या मिरवणुकीनं तळ्याकडे निघतात. नंदीध्वज त्यांचं नाव, आम्ही नुसतं काठी म्हणतो. काठी म्हणजे दुमजली घराच्या वर जाईल एवढा सजवलेला वासा. तो एका माणसानं कमरेच्या पट्ट्यावर तोलून, उभाच्या उभा, गर्दीतून चालवत न्यायचा. पट्ट्याला पुढे जाड कापडाची खोळ लोंबते, तिच्यात काठीचा बुंधा बसतो. हात फक्त सावरायला. नजर सतत वर, शेंड्यावर. पायाखाली काय आहे ते बघणं हे बाजूनं चालणाऱ्यांचं काम.

उद्दण्णांचे वडील ईश्वरप्पा काठी धरत. त्यांच्यामागे उद्दण्णा धरू लागले. जुन्या पिंपळापासून तळ्याच्या उताराच्या तोंडाशी असलेल्या विसाव्याच्या कट्ट्यापर्यंतचा टप्पा त्यांचा. बाकीच्या टप्प्यांत दमलेला माणूस चालता चालता काठी दुसऱ्याला देऊ शकतो. उद्दण्णांना ती सोय नव्हती. काठी धरणाऱ्यांना शिकवणारे म्हातारे बिरप्पा वस्ताद कारण सांगत: "ह्याची कंबर तितं, आन दुसऱ्याची हितं. देताना काठी वीतभर खाली घसरनार. खाली वीतभर घसरली तर वर शेंडा किती झोका खाईल? चालता चालता हेची काठी कुनी घ्यायची न्हाय. कट्ट्याला टेकवायची, मगच बदलायची." उंचीमुळे माणसाला काय काय एकट्यानं करावं लागतं, याची ही आणखी एक तऱ्हा.

मंगरुळ्यांच्या घरात ईश्वरप्पांच्या वेळेपासून एक शिस्त होती. सरावाची आखूड काठी घराच्या आढ्यावरून काढून उभी केली, की यात्रा संपून ती परत आढ्याला जाईपर्यंत घरात 'पडणे' हा शब्द काढायचा नाही. कशाच्याही बाबतीत नाही. तांब्या हातातून सुटला तर तो 'खाली गेला'. भिंतीवरची पाल 'उतरली'. चन्नप्पा रेडिओवर क्रिकेट ऐकायचा. त्या दिवसांत गडी बाद होत, विकेटी 'बसत'. मला हे पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या अंगणात बसून सहज म्हणालो, "थंडी बरीच पडली नाही यंदा?" त्याबरोबर उद्दण्णांनी भाकरी ताटात ठेवली, चन्नप्पानं कानाला हात लावले आणि नागव्वांनी माझ्यावरून मीठ उतरून टाकलं.

एकूण मजाच होती. पण बहात्तर साल आलं आणि पावसानं पाठ फिरवली. विहिरी कोरड्या ठाक. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी गिळताना घशाला प्रत्येक कण वेगळा समजे. मंद्रूपकडची, मोडनिंबकडची माणसं खडी फोडायच्या कामावर. अशा वर्षात माणूस प्रत्येक गोष्टीत खूण शोधू लागतो. कावळा कुठं बसला, गाय कुठल्या बाजूला वळली. आणि त्या वर्षी जो तो एकच बोलू लागला: "यंदा काठी कशी चालती बघू." आजोबांच्या काळी म्हणे एकदा काठी कलली होती, आणि त्या वर्षी... पुढचं कुणी सांगत नसे, म्हणून ते फार भयंकर वाटे.

सरावाची काठी उभी राहिली त्याच आठवड्यातली गोष्ट. गल्लीच्या नळाला थोडा वेळ पाणी येई. उद्दण्णा दोन बादल्या घेऊन येत होते. मी दारात दाढी करत होतो. सपाट रस्ता, दगड नाही, कुत्रं नाही. आणि एकाएकी ते अर्धे झाले. डावा पाय मधून नाहीसा झाल्यासारखा. बादल्या आडव्या, एवढं मोलाचं पाणी मातीत, आणि ते त्यात बसलेले.

नागव्वा उंबऱ्यात होत्या. त्यांचं तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला, तसा तो त्यांनी पदरानं दाबला.

"बसलो," उद्दण्णा म्हणाले. "जरा बसलो. दमलो हुतो."

"व्हय," नागव्वा म्हणाल्या. "बसा की."

त्यांनी बादल्या उचलल्या. कड्या वाजत होत्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी पहाटे फिरायला गिरणीच्या मैदानाकडे गेलो होतो. कडीखाली उद्दण्णा एकटे उभे दिसले. चेंडू नव्हता. ते डाव्या पायावर भार टाकत, थांबत, पुन्हा टाकत. अवघड जनावराची परीक्षा घ्यावी तसं चाललं होतं. तिसऱ्या खेपेला गुडघा निसटला आणि त्यांनी खांबाला मिठी मारली. मला पाहिल्यावर त्यांनी मिठी सोडली नाही. सोडता येत नव्हती.

"मास्तर, रोज न्हाय होत," ते म्हणाले. "कधी कधी. सांगून येत न्हाय, एवढंच."

"मग वस्तादांना सांगा. यंदा दुसऱ्या कुणाला द्या."

"यंदा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. "लोकं म्हनतील, दुष्काळ बघून मंगरुळे भ्याला. आमच्या वडलांचा टप्पा हाय तो. आन भ्यालो म्हनून दिली, तर मनातून ती आधीच... खाली गेली की." एकांतातसुद्धा त्यांनी तो शब्द टाळला. मग खाली वाकून, अगदी माझ्या कानाशी: "नागव्वाला बोलू नका. लई भित्री हाय."

मी वचन दिलं. त्याच दुपारी नागव्वा आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोचा, रंभाबाईंचा, हात धरून म्हणाल्या, "मला समदं कळलंय म्हनून त्यांना बोलू नका. त्यांचा धीर जाईल." अशा रीतीनं एकाच गुडघ्याची दोन गुपितं आमच्या घरात येऊन राहिली, आणि एकमेकांना भेटू नयेत म्हणून आम्ही नवरा-बायको पहारा देऊ लागलो.

नागव्वांना काय काय बोलायचं असेल! पण बोलणार कसं? ज्याची भीती, त्याचंच नाव घ्यायला बंदी. रोज संध्याकाळी उद्दण्णा सरावाला निघत तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या राहून "सावकाश जावा री" एवढंच म्हणत. मग आत जाऊन जोंधळे निवडत. निवडलेले पुन्हा निवडत. वस्तादांकडे काठी धरायला शिकत असलेल्या चन्नप्पाला तेवढं त्या बजावत, "तू अप्पाच्या डाव्या अंगालाच राहायचं बघ. पट्टा बांधून."

"अव्वा, बाजूनं चालनाऱ्याला पट्टा कशाला?"

"बांध म्हनलं की बांधायचा. चांगला दिसतोय तुला."

आणि दुपारी, उद्दण्णा गिरणीत गेले की, त्यांचा पट्टा घेऊन त्या आमच्या अंगणात येऊन बसत. दाभण, जाड दोरा, मांडीवर तो गिरणीच्या कापडाचा दुहेरी पट्टा. शिवण उसवायची, पुन्हा घालायची. मला वाटलं, बाई शिवण पक्की करते आहे; भित्र्या माणसाला हाताला काही तरी काम लागतं. एकदा मी विचारलं, "नागव्वा, रोज काय शिवता?"

"कापड ताणतंय की," त्या मान वर न करता म्हणाल्या.

खरंच ताणत असावं. सरावाला उद्दण्णा कुरकुरू लागले. "वस्ताद, खोळ खाली यायली. कालच्यापेक्षा बोटभर खाली हाय." बिरप्पा वस्तादांनी लांबून डोळे बारीक केले. "नवं कापड हाय, ताणंल की रं सिद्धू. खाली बसलीय ते बरंच हाय. वारं कमी लागतंय." दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर. माणसाला बोटभरानं काही समजत नाही, सवय होते. उद्दण्णांनाही झाली. संक्रांत जवळ आली तेव्हा काठीचा बुंधा त्यांच्या कमरेला नव्हता, मांडीशी आला होता.

यात्रेतला अक्षतेचा, देवाच्या लग्नाचा दिवस उजाडला. मला रात्री झोप लागली नव्हती. सकाळी उद्दण्णा पांढरी बाराबंदी घालून बाहेर आले, तेव्हा गल्लीला एकदम उजेड आल्यासारखं झालं. चौकटीची पट्टी त्यांनी सवयीनं हातानं चाचपली. नागव्वांनी ओवाळलं, आणि खाली बसून त्यांच्या डाव्या गुडघ्याला विभूती लावली. उद्दण्णा वरून बघत राहिले. त्या भित्र्या बाईला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना त्या घटकेला कळलं असावं. पण बोलायची सोय त्यांनाही नव्हतीच.

पिंपळाशी माणूस मावत नव्हता. गच्च्यांवर बायका, झाडांवर पोरं. एरवी यात्रेत पिपाण्या वाजतात, हशा असतो. त्या वर्षी लोक गप्प होते. सगळ्यांचे चेहरे वर आणि सगळ्यांचे ओठ कोरडे. उद्दण्णांनी काठी घेतली. "हर्र बोला हर्र!" अशी गर्जना झाली आणि काठी चालू लागली.

मी उजव्या बाजूनं गर्दीतून सरकत होतो. सगळं सोलापूर शेंड्याकडे बघत होतं. मी एकटाच एका गुडघ्याकडे बघत होतो. एकटा नव्हतो. पलीकडे घराच्या जोत्यावर नागव्वा चढल्या होत्या, आणि त्यांची नजरही तिथंच होती.

अर्धा टप्पा छान गेला. मी श्वास घ्यायला लागलो होतो. मग रस्ता वळतो तिथं तळ्याकडून वारा आला. वर गोंडे एका अंगाला उडाले. काठी किंचित, अगदी किंचित, उजवीकडे झुकली. तोल धरायला उद्दण्णांनी सगळा भार डाव्या पायावर घेतला.

गुडघा थरथरला. धोतराच्या आतून मला तो दिसला. पाण्याच्या बादल्या घेऊन येताना पाहिला होता तसाच. उद्दण्णा थांबले. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता. पुढे विसाव्याचा कट्टा दिसत होता. बास्केटची कडी दिसायची तेवढाच जवळ आणि तेवढाच लांब. त्यांच्या जबड्यावरून मला समजलं, की ते उडी मारणार आहेत. म्हणजे खरोखरची नव्हे. एका दमात, जबलपूरला मारली तशी. गुडघा राहो अथवा जावो.

गर्दीत कुणी तरी कण्हल्यासारखं "देवा" म्हणालं. वर काठी पुन्हा हलली. माझ्या शेजारी पोर कडेवर घेतलेली एक बाई होती. तिनं पोराचे डोळे हातानं झाकले.

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, उद्दण्णांनी खाली बघितलं.

डाव्या अंगाला चन्नप्पा होता. पट्टा बांधलेला, हात पुढे, चेहरा पांढराफटक.

"घे," उद्दण्णा म्हणाले.

"अप्पा, वस्तादांनी सांगितलंय, चालता चालता..."

"घे बे!"

चन्नप्पा पुढे सरला. मी डोळे मिटले. वीतभर खाली घसरणार, शेंडा झोका घेणार, खाली शेकडो माणसं, पोरं, बायका. मिटल्या डोळ्यांनी मी तो आवाज ऐकायची वाट बघत राहिलो. आवाज आला तो बिरप्पा वस्तादांचा.

"आरं... सपाट गेली! सपाट गेली की रं!"

मी डोळे उघडले. काठी उभी होती. बुंधा एका खोळीतून दुसऱ्या खोळीत गेला होता, एका ताटातली भाकरी शेजारच्या ताटात सरकवावी तसा. बापाच्या मांडीशी आलेली खोळ आणि मुलाच्या कमरेची खोळ बरोबर एका पातळीत होत्या. मला आमच्या अंगणातलं दाभण आठवलं.

चन्नप्पा चालू लागला. ठेंगणा, रुंद, जमिनीत रुतल्यासारखा. उद्दण्णा त्याच्या बाजूनं लंगडत निघाले. गर्दीनं गर्जना केली, पण त्यांचं लक्ष ना गर्दीकडे, ना शेंड्याकडे. ते खाली पोराच्या पायांकडे बघत होते. "डाव्या हाताला दगड हाय... आता सपाट... वर बघ तू, खाली मी हाय." कट्टा येईपर्यंत ते असेच सांगत राहिले. काठी टेकली, तेव्हा श्रीमंत गर्दी फोडून आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"अण्णा, दिलास बे पास," तो म्हणाला. "आरं, त्या वेळी मला दिला आसतास तर तुझा गुडघा तरी..."

"त्या वेळी तू आवाज दिला न्हाईस," उद्दण्णा म्हणाले, आणि कट्ट्यावर बसले. या वेळी खरोखरच बसले.

यात्रा संपली. किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सरावाची काठी आढ्याला गेली. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर उद्दण्णा जमिनीवर पाय लांब करून बसले होते. समोर दोन्ही पट्टे शेजारी शेजारी पसरलेले. त्यांच्या स्वतःच्या पट्ट्यावर, खोळीच्या पट्टीला, दाभणाच्या रिकाम्या भोकांच्या ओळी होत्या. एकीखाली एक, बोटाबोटावर. ते त्यांवरून बोट फिरवत होते.

"नागव्वा, हे काय हाय?"

"कापड ताणतं की," आतून उत्तर आलं.

"ताणलं तर भोकं कशी?"

नागव्वा चुलीपासून उठून आल्या. हातात मिलोच्या पिठाचा गोळा तसाच. आढ्याला लावलेल्या काठीकडे त्यांनी एकदा खात्रीनं पाहिलं. मग नवऱ्याकडे. आणि महिनाभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"पडला आसता की हो तुमी!" त्या ओरडल्या. "नळावर पडलात, त्या दिवशी पडलात, तसं तितं पडला आसता! काठी पडली आसती, लोकांवर पडली आसती, पोरावर पडली आसती! रोज मी बघायची, आज पडतील, उद्या पडतील... पडला आसता, पडला आसता!" तो शब्द म्हणत होत्या आणि रडत होत्या. पिठाचा गोळा कधीच हातातून सुटला होता.

चन्नप्पा दारात तिरका उभा राहून ऐकत होता. उद्दण्णांनी शेंगाचटणीचा कप उगाच इकडचा तिकडे केला. मग त्यांनी बायकोचा पिठाचा हात धरून तिला शेजारी बसवलं. बसल्यावर दोघांची उंची जरा सारखी दिसते.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "पडलो आसतो. मलाबी लई भ्या वाटत हुतं, नागव्वा."

त्या माणसाच्या तोंडून भीतीची कबुली मी पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघा डॉक्टरला दाखवला. त्यांच्याबरोबर नागव्वा गेल्या. ओळखीच्याच डॉक्टरकडे.

काठी आता चन्नप्पा धरतो. यंदा सरावाची काठी उभी राहिली त्याच दुपारी नागव्वा दाभण आणि पट्टा घेऊन आमच्या अंगणात आल्या.

"आता कशाला?" मी विचारलं. "आता तर पोरगा भक्कम आहे."

त्यांनी दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मास्तरला एवढंही समजू नये.

"त्याचं लगीन ठरलंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मेव्हना अकलूजचा हाय. पट्टा बांधून बाजूनं चालायला यायलाय. लई उंच हाय हो."